सातव्या दारातली धाकटी

लातूरला गेल्यावर पहिल्याच आठवड्यात माझं नाव गेलं. आमच्या खोलीत चार खाटा होत्या आणि घरमालकीण काकू चौघींना गावाच्या नावानं हाक मारायच्या. मी नांदेड. खिडकीजवळची उदगीर, तिच्या वडिलांचं तिथं मोंढ्यात आडतीचं दुकान होतं. दाराजवळची लोहा, तिची आई शाळेत शिक्षिका होती आणि लेक आईपेक्षा कडक. चौथी औसा. ती औशाची नव्हती. औशाला तिचे मामा राहायचे. तिचं गाव भूकंपात बसलेल्या गावांपैकी एक होतं, आणि त्या गावाचं नाव घेतलं की समोरचा माणूस चहाचा कप खाली ठेवून विचारायचा, "तुमच्या घरातलं कोण?" म्हणून ती औसा सांगायची. काकूंनाही तिनं तेच सांगितलं होतं.

काकूंनी देवघर आणि स्वयंपाकघर सोडून घरातल्या प्रत्येक खोलीत खाटा टाकल्या होत्या. गल्लीतल्या सगळ्याच घरांनी हे केलं होतं. सगळी गल्ली डॉक्टर व्हायला निघालेल्या मुलींनी भरली होती आणि दोरीवर मावत नाहीत एवढे ओढण्या-कुडते वाळत असायचे.

शनिवारी टेस्ट असायची. रविवारी सकाळी क्लासच्या लोखंडी गेटवर यादी लागायची आणि सोमवारपासून त्या यादीप्रमाणे बाक. पहिली येणारी पहिल्या बाकावर, भिंतीकडून पहिली, आणि तिथून मागं ओळीनं. मुलगी फळ्यापासून किती लांब बसते यावरून मेसमध्ये तिच्या ताटाशेजारी कोण बसणार ते ठरायचं. हे वाईट होतं असं म्हणायला मला तोंड नाही. आज मी नांदेडला अशाच एका क्लासमध्ये जीवशास्त्र शिकवते आणि रविवारची यादी मीच चिकटवते. तेव्हाच्या मुलींची विचारपूस मी कधी केली नाही, त्यामुळे औसा पुढं डॉक्टर झाली की नाही, हे मला माहीत नाही.

तेव्हा मी तिसऱ्या-चौथ्या बाकावर असायचे. उदगीर आणि लोहा सहाव्या-सातव्यावर. औसा पार मागं, बंद पडलेल्या पंख्याच्या पलीकडच्या अंधारात. तिथून फळ्याचा उजवा कोपरा दिसत नाही. ती दुपारी माझी वही घेऊन तेवढा कोपरा उतरवून घ्यायची.

दिवाळीच्या सुट्टीत पुण्याला इंजिनिअरिंग करणाऱ्या मावसभावानं मला एक खेळ शिकवला. त्याला पट नाही, सोंगट्या नाहीत. एकजण गोष्ट सांगतो आणि बाकीचे त्या गोष्टीतली माणसं होतात. सांगणारा म्हणतो, समोर दार आहे, काय करणार? खेळणारी म्हणते, लाथ मारते. मग फासा टाकायचा. दार मोडलं की पाय, ते फासा ठरवतो. त्या पोरांकडे म्हणे परदेशातून मागवलेले वीस बाजूंचे फासे होते. मला या खेळातलं काय आवडलं ते माझं मलाच लगेच कळलं. गोष्ट सांगणाऱ्याच्या वर कुणी नसतं.

परत आल्यावर मी आलेखाच्या कागदावर एक किल्ला काढला. तट औशाचे, बुरूज उदगीरचे, म्हणजे कुणाला राग नको. किल्ल्याखाली तळघर, तळघराला एकामागं एक सात दारं, आणि प्रत्येक दारामागं दुष्ट किल्लेदारानं कोंडलेली माणसं. तिघींनी ती सोडवून आणायची. फासा उदगीरच्या लुडोतला.

दान कुणाला किती, याचा नियम मी बनवला. मावसभावाकडं प्रत्येक माणसाची ताकद, हुशारी वगैरे फासे टाकूनच ठरवत. मला ते अन्यायाचं वाटलं. नुसत्या फाशावर कुणी ताकदवान कसं होईल? आपल्याकडं यादी आहे की. या तिघींत जी त्या आठवड्याच्या यादीत सगळ्यांत वर, तिला प्रत्येक अडचणीत तीन दानं. मधलीला दोन. शेवटचीला एक. तिघींनी माना डोलावल्या. कुणालाही त्यात काही खटकलं नाही. आम्हाला जगात दुसरं मोजमापच माहीत नव्हतं.

पहिल्या रविवारी दुपारी काकू खाली झोपल्या, आम्ही दोन खाटा बाजूला सरकवून जमिनीवर बसलो आणि प्रत्येकीनं आपलं पात्र सांगितलं. लोहा तलवारबाज झाली. उदगीर जादूगारीण झाली, हळद फुंकून माणसाला आंधळं करणारी. औसा सगळ्यांत शेवटी बोलली.

"सोबत कुणाला घेतलं तर चालतं का?" तिनं विचारलं.

"कुणाला?"

"धाकटी बहीण. पाच वर्षांची. ती काई करणार न्हाई. नुसती संगं राहील."

मी चालेल म्हटलं. नियमात नव्हतं, पण नियम माझाच होता.

त्यानंतरचे तीन रविवार चांगले गेले, हे मला सांगितलंच पाहिजे. मला गोष्ट सांगता येत होती. पाण्यानं भरलेलं दुसरं दार, वटवाघळांचं तिसरं. लोहा खाटेवर उभी राहून तलवार चालवायची. उदगीर कुठल्याही संकटात आधी हळद किती शिल्लक आहे ते विचारायची, अगदी दुकानदाराची पोरगी. आणि औसा प्रत्येक दारातून बाहेर पडताना थांबायची.

"धाकटी आली का बाहेर?"

"आली गं बाई," आम्ही तिघी एका सुरात म्हणायचो.

तिला दरवेळी एकच दान मिळायचं. ते ती मुठीत इतका वेळ धरून ठेवायची की उदगीर म्हणायची, "अंडं उबवून राहिली का?" मग औसा हात अगदी जमिनीलगत नेऊन फासा हळूच सोडायची. दान पडलं की पहिल्यांदा धाकटीला बाहेर काढायची, मग स्वतः निघायची, आणि कोंडलेली माणसं राहिली तर पुन्हा आत जाऊ का विचारायची. तिच्यामुळं खेळ लांबायचा. तरी आठवडाभर आम्ही रविवारची वाट बघायचो, आणि सगळ्यांत जास्त ती. गुरुवारपासूनच विचारायची, "चौथ्या दारामागं काय हाय, जरासं सांग ना."

त्याच दिवसांत एकदा नळावर कपडे धुताना तिनं मला भूकंपाचं सांगितलं. सुरुवात मीच केली होती, आणि तीही थट्टेनं. नांदेडला त्या पहाटे आमच्या मांडणीवरची भांडी वाजली, एवढंच. आम्ही रस्त्यावर येऊन उभे राहिलो, शेजाऱ्यांनी सगळ्यांना चहा केला आणि मला ती मोठी मजा वाटली. पुढं वडिलांच्या शाळेनं मदतीसाठी कपडे गोळा केले. आईनं त्यात माझा मोती लावलेला फ्रॉक दिला आणि मी त्या फ्रॉकसाठी दोन दिवस रडले. "औशाकडंही कपडे वाटले म्हणे, तुला आला असला तर परत दे," मी औशाला म्हणाले.

ती हसली. "आम्हाला स्वेटर आले होते. लई स्वेटर. ढीगच्या ढीग."

मग पिळलेला कुडता तसाच हातात ठेवून तिनं सांगितलं. घरात ती आणि धाकटी. अंगणात एकच बाज. घरात उकडायचं, म्हणून बाजेवर कोण झोपणार यावरून रोज भांडण. त्या दिवशी गणपती बोळवून दमून आल्या आणि भांडण मिटवायला आजीनं चिंचोके दिले. अर्धे फोडलेले, पांढरी बाजू वर पडली की जिंकलं. औशाचे चारही पांढरे पडले. ती अंगणात झोपली. धाकटी आजीजवळ आत झोपली. घर दगडामातीचं, वर हातभर मातीचं माळवद.

"मी जिंकले ना," ती म्हणाली. "म्हणून." आणि कुडता झटकून दोरीवर टाकला. कुणाला सांगू नको म्हणाली. मी कुणाला सांगितलं नाही. फक्त उदगीरला आणि लोह्याला.

मग तो शनिवार आला. टेस्ट भौतिकशास्त्राची होती आणि मला ती सोपी गेली असं वाटत होतं. रविवारी महिन्यातला पहिला रविवार म्हणून वडील नांदेडहून भेटायला आले. सवयीनं ते आधी क्लासच्या गेटवर गेले. मी मागून पोचले तेव्हा त्यांचं बोट यादीवरून खाली खाली उतरत होतं. मी एकविसावी होते. औसा नववी.

मी यादी तीनदा वाचली. औसा बाजूलाच उभी होती आणि तिला हसू आवरत नव्हतं. हसू माझ्यावर नव्हतं, हे मला आज कळतं. वडिलांनी तिला विचारलं, "तू हिच्याच खोलीतली ना, पार मागं बसणारी?" आणि माझ्यासाठी आणलेला आईच्या हातच्या शंकरपाळ्यांचा डबा तिच्या हातात दिला. "सगळ्या मिळून खा. शाब्बास." मग माझ्याकडं वळून म्हणाले, "अंधारात बसून ही पोरगी नववी येते. तू उजेडात बसून काय करून राहिलीस?"

माझ्या तळपायाची आग मस्तकाला गेली. वडिलांचा राग आला नाही. ते बसमध्ये बसले तेव्हा त्यांच्या पाया पडले. माझा सगळा राग त्या डब्यावर आणि डबा धरणाऱ्या हातांवर गेला. इतके महिने माझ्या वहीतून कोपरा उतरवून घेणारी मुलगी उद्यापासून माझ्या पुढच्या बाकावर बसणार होती.

दुपारी शंकरपाळ्या मधे ठेवून आम्ही बसलो. सातवं दार राहिलं होतं, शेवटचं. औसा पहिल्यांदाच तीन दानांची मालकीण झाली होती. उदगीरला दोन, लोह्याला एक. औसा मांडी घालून पुढं सरकून बसली, डोळे चमकत होते. "तीन," ती फाशाकडं बघून म्हणाली. "आज धाकटीला काई भ्या न्हाई."

मी कागदाकडं पाहिलं. सातव्या दारामागं मी बाग काढली होती. खूप दिवसांपूर्वी काढलेली, हौद आणि मोर असलेली. तिथं सगळे सुटणार आणि खेळ संपणार होता. मी कागदाची घडी घातली.

"तुम्ही सगळ्या आत आहात," मी म्हणाले. "सगळी माणसं बाहेर गेली. आता आत तुम्ही तिघी आणि धाकटी. तेवढ्यात जमीन हलते."

लोह्यानं माझ्याकडं बघितलं. तिला कळलं होतं, पण ती गप्प बसली. तीही औशापेक्षा अठरा नंबर खाली होती.

"वरचे दगड सुटायला लागतात. लोहा, बाहेर पडायला दोनच्या वर पाहिजे."

लोह्याला चार पडले. उदगीरला पहिल्याच दानात तीन. दोघी बाहेर.

"औसा, तुला सहा."

"तिला सहा कामून?" लोहा म्हणाली. "आम्हाला तर दोनच्या वर होतं."

"तिला दानं तीन आहेत," मी म्हणाले. ऐकायला ते बरोबर वाटत होतं.

औशानं फासा मुठीत धरला. नेहमीसारखं हात जमिनीलगत नेला. चार. पुन्हा उचलला, पुन्हा तेवढाच वेळ. सहा.

"आली," ती म्हणाली. तिचा आवाज फाटला होता. "आली बाहेर."

"कोण?"

"धाकटी."

"दान तुझं होतं," मी म्हणाले. "तू जिंकलीस, तू बाहेर आलीस. तू अंगणात आहेस. धाकटी आत आहे."

माझ्या किल्ल्यात अंगण कुठंच नव्हतं. तो शब्द मी नळावरून आणला होता, आणि नेमका वापरता आला याचं मला तेव्हा समाधान वाटलं. तिनं मान वर करून माझ्याकडं पाहिलं. मी नजर वळवली नाही.

तिचं एक दान राहिलं होतं. तिनं ते टाकलं. पाच.

"नाही," मी म्हणाले.

"आणखी एक टाकू?"

मी नाही म्हणायला हवं होतं, निदान नियमाला धरून तरी. पण मला बघायचं होतं. "टाक," मी म्हणाले.

सहा पडले. तिनं फक्त फाशाकडं बोट दाखवलं.

"हे धरता येत नाही. तुझी दानं संपली होती."

खालून काकूंचा आवाज आला, काय खडखड लावली गं दुपारची. मग उदगीर शंकरपाळी तोंडात टाकून म्हणाली, "मरू दे ना आता. औशाला काय, भूकंपाचा दाखला हायच, राखीव जागा मिळंल. बहिणीचा बी काढंल एक."

मी हसले. नुसतं ओठातल्या ओठात नाही, चांगली हसले. लोहाही हसली, मग तिनं तोंडावर हात घेतला.

आपलं गाव खोलीत सगळ्यांना माहीत आहे हे औशाला त्या वाक्यानं कळलं, आणि कुणी सांगितलं तेही. ती रडेल असं मला वाटलं होतं. मी त्याची वाट बघत होते. तिनं फासा लुडोच्या डबीत टाकला आणि टोपण लावलं.

"तुझ्या वर गेले म्हणून का?" तिनं विचारलं. चिडून नाही. एखादी शंका विचारावी तसं, सरांना विचारायची तसं.

"नियम आहे," मी म्हणाले.

"हाव," ती म्हणाली, आणि दोरीवरचे कपडे काढायला खाली गेली.

तो आठवडा नेहमीसारखा गेला. ती माझ्यासाठी गरम पाण्याच्या बादलीचा नंबर लावून ठेवायची, मीही सांगायचे, लाव. वर्गात ती माझ्या तीन बाक पुढं बसली, पहिल्यांदाच अख्खा फळा समोर. आता माझी वही तिला लागत नव्हती. मी तिची पाठ बघून बघून रोज नव्यानं पेटत होते. माफी मागण्याचा विचार माझ्या डोक्यात एकदाही आला नाही. मला फक्त शनिवार हवा होता.

शनिवारी टेस्टमध्ये अर्धा तास शिल्लक असताना तिनं पेन खाली ठेवलं. ती पेपर देऊन उठली नाही, तशीच बसली. टेस्टला बाक वेगळे असायचे, ती माझ्याच बाकावर एक मुलगी सोडून होती. मधली मुलगी पाणी प्यायला वाकली तेव्हा मला तिचा उत्तरांचा कागद दिसला. पहिल्या दोन रांगांतले गोल काळे केलेले होते. बाकीचा सगळा कागद पांढरा. आलं नसेल, मी म्हटलं. एक आठवडा नशिबानं वर गेली होती, आली जागेवर. मला आनंद झाला. उरलेले प्रश्न मी त्या आनंदात सोडवले.

रविवारी माझा नंबर बारावा होता. औशाचं नाव शोधायला यादीच्या दुसऱ्या पानावर जावं लागलं. खोलीत सगळ्यांत खाली, उदगीर आणि लोह्याच्याही कितीतरी खाली. तिनं यादी शांतपणे वाचली, बोट आपल्या नावावर ठेवून माझ्या नावापर्यंत वर नेलं, आणि मान हलवली.

दुपारी उदगीर आणि लोहा झोपल्या होत्या. मी खाटेवर प्राणिशास्त्राचं पुस्तक घेऊन पडले होते, बेडकाच्या रक्ताभिसरणावर. औसा लुडोची डबी घेऊन आली आणि माझ्या खाटेच्या कडेला बसली. किती दिवसांनी तिचा चेहरा परत तसा झाला होता, गुरुवारी चौथ्या दाराबद्दल विचारताना असायचा तसा.

"आता मला एकच दान ना?" तिनं हळू आवाजात विचारलं.

मी पुस्तक खाली घेतलं.

"सगळ्यांच्या खाली गेले. तुझ्या तर लईच खाली. आता तुला काई अडचण न्हाई ना?" तिनं डबी उघडून फासा मुठीत घेतला. "एकच टाकते. सहा न्हाई पडले तर न्हाई, परत मागणार न्हाई. फक्त धाकटीच्या नावाचं धर. माझ्या न्हाई."

तेव्हा मला तो पांढरा कागद कळला. तिनं गोल भरले नव्हते. मागच्या रविवारी तिनं जे विचारलं आणि मी टाळलं, त्याचं उत्तर तिनं शोधून काढलं होतं आणि जमेल ते आणून माझ्यासमोर ठेवलं होतं.

मला फक्त 'टाक' म्हणायचं होतं. एक पडला असता तरी म्हणायचं होतं, आली बाहेर. बागेचा कागद माझ्याच उशीखाली होता. पण ती मुद्दाम खाली गेली होती, म्हणजे मनात आणलं तर पुढच्या शनिवारी पुन्हा वर जाऊ शकत होती. म्हणजे माझा बारावा नंबर तिनं मला दिलेला होता. हे कळलं आणि मला तिची दया आली नाही, तिचा तिरस्कार वाटला.

"खेळ बंद केलाय मी," मी म्हणाले.

"बंद?"

"संपला."

ती मूठ तशीच मिटून बसली होती. खालून काकूंच्या घोरण्याचा आवाज येत होता.

"मग धाकटी कुठं राहिली?" तिनं विचारलं.

महिनाभर प्रत्येक दारामागं काय आहे ते मी एकटीच सांगत आले होते. हेही मलाच सांगायचं होतं.

"आतच," मी म्हणाले, आणि पान उलटलं.